पहिली टाकी सोडून देणारा माणूस

राजूरच्या गाडीचा कंडक्टर आमच्या नगरच्या कचेरीच्या पायऱ्या चढून वर आला, तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं मला कळलं. एरवी तो खालूनच ओरडायचा, "भाऊसाहेब, मिस्त्रीची चिठ्ठी हाय!" आणि चिठ्ठी खिडकीतून आत भिरकावून निघून जायचा. त्या दिवशी टोपी काखेत धरून तो माझ्या टेबलापुढे उभा राहिला. "तुमचा शेणवाला गेला हो... परवा. जेवून वट्यावर बसला हुता. छातीत कळ आली म्हनला, आन् तिथंच..." कोंडाजी मेंगाळ, गॅस मिस्त्री. अकोले तालुक्यातल्या ठाकरवाडीतला आमचा माणूस. त्याला जाऊन आता महिना होत आला, पण अजून पायऱ्यांवर टायरच्या चपला वाजल्या की मी मान वर करतो.

आमचं खातं गोबरगॅसचं. शेण आणि पाणी कालवून विटांच्या विहिरीत मुरवायचं, वर लोखंडी टाकी उपडी घालायची, गॅस धरला की टाकी वर उचलली जाते आणि नळीतून तो घरच्या शेगडीला मिळतो. ना धूर, ना काजळी, ना सरपणासाठी रानोमाळ हिंडणं. वरून आलेल्या पत्रात लिहिलं होतं की डोंगरी भागात शक्यतो स्थानिक आदिवासींनाच कामावर घ्यावे. पत्र फार चांगलं होतं. आम्ही त्याचा अर्थ असा लावला की खड्डे त्यांनी खणायचे आणि बाकी सगळं आपण करायचं. मी कारकून माणूस, तीन पिढ्या लेखणीवर जगलेल्या घरातला. कागदाचा सोयीस्कर अर्थ लावणं मला कुणी शिकवावं लागलं नाही.

कोंडाजी असाच खड्डा खणायला आला. एकाहत्तर सालचा हिवाळा. वाडीतलं पहिलं सयंत्र त्याच्याच आवारात बांधायचं ठरलं होतं, कारण गुरं त्याच्याकडे होती. वयाने तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी मोठा, पण कचेरीतले सगळे त्याला 'कोंड्या' म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. तो मात्र खणायचा कमी आणि विचारायचा जास्त. नळी अशीच का वळवली? टाकी कलली तर काय करायचं? चौथ्या दिवशी गवंड्याच्या हातातला ओळंबा घेऊन त्याने स्वतःच एक थर लावला आणि तो गवंड्याच्या थरापेक्षा सरळ निघाला. दुपारी भाकरी खाताना मला म्हणाला, "भाऊसाहेब, खड्डं काय, कुनीबी खनील. ह्या कामाचा मिस्त्री आमच्यातला का नसावा? आमच्या बायांशी आमीच बोलू शकतो. रोजंदारीच्या मस्टरवर अंगठा लई उठवला... आता कचेरीच्या हजेरीबुकात नाव पायजे. माझ्या एकट्यासाठी न्हाई. एक आत गेला की मागच्यांना वाट पडंल." मी हसलो. मिस्त्रीच्या जागेला सातवी पास लागत होतं, आणि कोंडाजी शाळेच्या पायरीपर्यंतसुद्धा गेलेला नव्हता.

तरी मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब पुण्याचे, इंजिनिअर, तुटक बोलणारे. त्यांनी कळवलं, "महिनाअखेरीला पाहायला येतो. सयंत्र चाललेलं दिसलं आणि काम त्याचं असलं, तर अट शिथिल करायची शिफारस करीन. नाही तर विषय बंद." झालं! वाडीभर बातमी पसरली. आणि टाकी? टाकी हू की चू करेना. विहीर भरून अठरा दिवस झाले, डोंगरातली थंडी मी म्हणत होती, आणि शेणाचा काला नुसता गार पडून होता.

कोंडाजीची बायको हौसाबाई म्हणाली, "दुधात इरजन घातल्याबिगार दही लागतंय व्हय?" तेवढ्याने कोंडाजी ताडकन उठला. संगमनेरजवळ एका बागायतदाराकडे आमचं सयंत्र नीट चालत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिथे गेलो आणि मुरलेल्या शेणाच्या रबडीचे दोन पत्र्याचे डबे भरून राजूरच्या गाडीत चढलो. हाच तो कंडक्टर. "डब्यात काय रं?" "इरजन." "कशाचं?" "शेनाचं." गाडीत असा हशा पिकला की विचारू नका. "उतर खाली! सरकारी गाडी हाय ही." कोंडाजी शांतपणे म्हणाला, "कामबी सरकारीच हाय." "मग कागद दाखव." कागद कुठून असणार? रोजावरच्या माणसाला कोण कागद देतो? त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि मी... मी खिडकीशी बसून वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं. लोक मलाही हसतील म्हणून. शेवटी डबे टपावर गेले, आणि ते सांडू नयेत म्हणून कोंडाजीही टपावर. त्या थंडीत राजूरपर्यंत तो दोन्ही डबे मिठीत धरून बसला होता. उतरल्यावर दोन्ही डबे उचलून तो माझ्या पुढे वाडीकडे चालू लागला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

विरजण त्याने एकदम विहिरीत ओतलं नाही. आधी पिंपात कोमट पाण्यात कालवलेलं ताजं शेण घेतलं, त्यात ते मिसळलं आणि पिंप चुलीच्या उबेला ठेवलं. फसफसायला लागल्यावर मग विहिरीत. विहिरीभोवती भाताच्या पेंढ्याची जाड कुडती घातली, लहान पोराला घालावी तशी. अन् काय सांगू! सहाव्या दिवशी टाकी हलली. बोटभर, मग वीतभर, मग हातभर! वाडीतली माणसं कामं टाकून टाकी बघायला येऊ लागली. मी तर तिच्यावर खडूने रेघा मारून दर तासाला मोजत होतो.

साहेब यायला चार दिवस उरले होते. टाकी पुरती वर आली होती. मी काड्यापेटी घेऊन धावत गेलो, आता पेटवून बघायचंच! पाहतो तर टाकी खाली बसत चाललेली, तोटी सताड उघडी आणि कोंडाजी हात जोडून शेजारी उभा. माझा तोल गेला. "कोंड्या, अरे काय केलंस हे! महिन्याची मेहनत वाऱ्यावर सोडलीस!" तो म्हणाला, "पयलं आपलं नसतं, भाऊसाहेब. नवा भात आला की आमी आधी देवाला देतो, मगच तोंडात घालतो. हे बी नवंच हाय की." मी त्याला अडाणी म्हणालो. वाडीतल्या सगळ्यांसमोर म्हणालो. मग तणतणत, मी मुक्कामाला होतो त्या झोपडीत येऊन साहेबांना काय सांगावं ते शोधायला पिशवीतली इंग्रजी पुस्तिका उघडली. माझीच पुस्तिका, सहा महिने माझ्याच पिशवीतली. त्यात ठळक अक्षरांत छापलेलं होतं की पहिल्या भरतीच्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते, तो नीट जळत नाही, आणि पेटवू गेल्यास टाकी फुटू शकते. पहिली टाकी मोकळी सोडावी. माझ्या हातातली काड्यापेटी मी हळूच खाली ठेवली. बाहेर जाऊन म्हणालो, "कोंडाजी, चुकलो मी. तुमच्यामुळे वाचलो." त्यांना 'तुम्ही' म्हणायची ती माझी पहिली वेळ. ते नुसते हसले आणि म्हणाले, "बसा, च्या घ्या."

चार दिवसांनी साहेब आले तेव्हा टाकी पुन्हा वर आलेली होती. शेगडी हौसाबाईंनी पेटवली, कारण घरचा विस्तव घरच्या बाईने लावायचा, असं कोंडाजींनी साहेबांनाच बजावलं. निळी ज्योत फर्रकन गोल उमलली आणि हौसाबाई ओरडल्या, "आगं बया, धूरच न्हाई!" बायांनी टाळ्या पिटल्या, म्हाताऱ्यांनी शेगडीला हात जोडले, साहेब कधी नव्हे ते मोठ्याने हसले आणि मी चक्क नाचलो. चहा उकळेपर्यंत साहेबांनी विचारलं, "हे जमवलं कुणी?" या वेळी माझ्या तोंडापुढे वर्तमानपत्र नव्हतं. मी सगळं सांगितलं, टपावरच्या प्रवासासकट, माझ्या काड्यापेटीसकट.

दोन महिन्यांनी नेमणुकीचा हुकूम आला. कोंडाजींनी तो माझ्याकडून वाचवून घेतला आणि मग सही शिकायला बसले. हजेरीबुकात त्यांनी नाव लिहिलं तेव्हा टाक इतका दाबला की ते नाव खालच्या तीन पानांवर उमटलं. पुढे दुष्काळात अर्धा जिल्हा खडी फोडत असताना ते वाडी-वाडी हिंडून लोकांना म्हणत होते, "चार तरी जनावरं जगवा, बाकीचं मी बघतो." प्रत्येक नव्या विहिरीला विरजण आधीच्या विहिरीचं, आणि प्रत्येक पहिली टाकी वाऱ्यावर. कंडक्टर आता डबे स्वतः उचलून आत घ्यायचा. आज त्या हजेरीबुकात ठाकरवाडीची आणखी तीन नावं आहेत. त्यांतलं एक बाईचं आहे. वाट पडली.

दहाव्याला मी वाडीवर गेलो होतो. निघताना हौसाबाईंनी डबा पुढे केला. तोच पत्र्याचा, कडीला सुतळी गुंडाळलेला, झाकण फडक्याने बांधलेलं. "पल्याडच्या वाडीची हीर भरलीया. ह्ये जायच्या आदल्या दिशी म्हनलं हुतं, इरजन द्याया पायजे." गाडीत मी डबा मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर जवळ आला. त्याला सगळं ठाऊक होतं, तरी त्याने विचारलं, "डब्यात काय, भाऊसाहेब?" मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणालो, "विरजण. शेणाचं." कुणीतरी हसलं. मला फार बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात पल्याडच्या वाडीतली टाकी वर आली. माणसं जमली होती, बाया शेगडीशी बसल्या होत्या, एकाने उत्साहाने काडी बाहेरही काढली होती. मी ती त्याच्या हातातून घेतली, तोटी सताड उघडली आणि टाकी खाली बसेपर्यंत हात जोडून उभा राहिलो. "कुनाला देताय, भाऊसाहेब?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"मिस्त्रींना," मी म्हणालो.