पहिलं झबलं

दुकानातल्या मुलीने काउंटरवर बाळाला झोपताना घालायची एक लहानशी सुती पिशवी पसरली. वरून बिनबाह्यांच्या झबल्यासारखी, खाली पाय हलवायला ऐसपैस.

"दुपटं तोंडावर सरकतं ना मावशी, हिचं तसं नाही. गळा तेवढा मापाचा बघून घ्या. आणि झोपताना टोपरं नको."

मी पिशवीची चेन वर ओढली, पुन्हा खाली केली. आत कुणीच नसलं की हे कपडे हाताला किती हलके लागतात!

भाचीच्या बाळाचं बारसं होतं. आमच्याकडे बाळाला पहिलं झबलं नवं घालत नाहीत. एखाद्या गुटगुटीत मुलाचं वापरलेलं मागून आणतात. कापड मऊ असतं म्हणून, असं सगळे सांगतात. त्या मुलाचं आयुष्य ह्यालाही लाभावं, हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

माझ्या कपाटातही झबली आहेत. माझ्या लेकाची, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेली. तो बसायला लागायच्या आतच गेला. त्यानंतर घरात इतकी बाळं झाली, पण ती झबली कुणी मागितली नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही. मीही कधी पुढे केली नाहीत.

"गिफ्ट पॅक करू?" मुलीने विचारलं.

"कर," मी म्हटलं.

माझ्याकडून सगळ्यांना नवंच जातं.