लाल पेन्सिलीने सुधारलेलं रतनपूर

मी भिलाईच्या स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये तपासणीवर होतो. रुळात खोट दिसली की लाल खूण करायची, तो रूळ बाजूला जायचा. निवृत्त झाल्याचं माणसाच्या हाताला कोणी कळवत नाही. वैशाली नगरात घर बांधलं तेव्हा गवंड्याच्या भिंतीवरही मी लाल खुणा केल्या. गवंडी शेजारच्या दुर्गला जातो म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

मुलगी राज्यसेवेच्या परीक्षेला बसणार होती. तिचं छत्तीसगडच्या इतिहासाचं हिंदी पुस्तक मी सहज चाळायला घेतलं. त्यात रतनपूर या जुन्या राजधानीची हकिगत होती. तिथल्या राजांनी तलाव खोदले, देवळं बांधली, गड सांभाळले. अख्खा मुलूख रतनपूरकडे बघून चालायचा. मग नागपूरची मराठी फौज आली. राज्य गेलं, सुभेदार आले, वसुली वाढली, गावं ओस पडली. पुढे रायपूर मोठं झालं आणि रतनपूर मागे पडलं. लेखकाने सरळ ‘लूट’ असा शब्द वापरला होता.

माझं डोकं फिरलं. दर एक मेला आमच्या मराठी मंडळात फेटा बांधून भाषण मीच करतो. हा मुलूख एकेकाळी आपल्या राज्यात होता, हे वाक्य आलं की टाळ्या पडतात. मागच्या रांगेतली पोरं हिंदीत गप्पा मारत असतात, पण टाळ्या तीही वाजवतात. अशा माणसाच्या घरात हे पुस्तक. मी ‘लूट’ खोडून ‘व्यवस्था’ लिहिलं, ‘उजाड’ खोडून ‘शांत’ लिहिलं. प्लांटची पेन्सिल जाड, खालची छपाई दिसेनाशी झाली. मुलीला म्हटलं, आता हे पाठ कर.

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“तुमचे बाबा भिलाईले टिकास आन् घमेलं घेऊन आले होते,” ती म्हणाली, “घोड्यावर बसून नाई.”

बायकोला इतिहासाची जाण नाही, असं मी ठरवलं.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला: रतनपूरच्या भरभराटीची आणि ऱ्हासाची कारणं लिहा. मुलगी खुशीत घरी आली. लाल पेन्सिलीतलं सगळं तिने जसंच्या तसं उतरवलं होतं. निकालात बाकीचे विषय चांगले निघाले, इतिहासात ती बुडाली आणि थोडक्यात यादीबाहेर राहिली. वर्ष गेलं. नोकरीत मी एकही खोटा रूळ पुढे जाऊ दिला नव्हता. मुलीने नवीन पुस्तक आणलं आणि आपल्या कपाटाला कुलूप लावलं. आमच्या घरात तोवर कोणी कोणापासून काही कुलपात ठेवलं नव्हतं. मला ते फार लागलं.

पुढच्या परीक्षेच्या तोंडावर ती स्वतःच नवीन पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, प्रश्न विचारा, पेन्सिल तिकडे ठेवा. मी रतनपूरचं विचारलं. ती हिंदीत न अडखळता बोलत गेली. ‘लूट’ शब्दाला तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं.

“बरोबर,” मी म्हणालो.

“तवा आपण कुठी होतो, बाबा?”

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. मला भाषणातलं वाक्य आठवलं. मग वडिलांचं गाव आठवलं. भंडाऱ्याकडचं, धानाचं, त्याच नागपूरच्या राजाच्या मुलखातलं.

“चिखलात रोवणं करून राहिलो होतो,” मी म्हणालो. “त्याच राजाले लगान देत होतो.”

तिने पेन्सिल आणखी लांब सरकवली.

“मग भाषणात हे कावून नाई सांगत?”

एक मे आठवड्यावर आला होता. फेटा इस्त्री होऊन खुर्चीवर ठेवलेला होता. मी पान उलटून पुढचा प्रश्न विचारला.