अक्काची मधली ओळ

अजूनही जुनं कुणी भेटलं की म्हणतं, "मास्तर, तुमच्या गुड फ्रायडेच्या संगीतात एकटी क्लॅरिनेट वाजायची ना, ती जागा विसरता येत नाही." मी हसून मान हलवतो. ती जागा माझी नव्हती. आता माझं वय झालं, तेव्हा कुणाची होती ते सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. मी जळगावला शाळेत संगीत शिकवायचो. थोरली बहीण, अक्का, धुळ्यात, देवपुरात राहायची. तिथल्या चर्चमध्ये आमचे वडील ऑर्गन वाजवत. दर गुड फ्रायडेला गायकवृंद एका जर्मन संगीतकाराची जुनी रचना चार आवाजांत मराठीतून गायचा. अक्का त्यात अल्टो गायची. वरच्या चालीच्या खाली बायकांचा जो जाडसर सूर चालतो, तो. नुसता तो ऐकला तर गाणं कुठलं हेही कळू नये. पण तो नसला की बाकीचे सूर एकमेकांपासून लांब उभे राहिल्यासारखे वाटतात.

मग गाणारी मुलं नोकऱ्यांसाठी पुण्या-नाशकाला गेली. अक्काच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिच्याकडे फक्त कुजबुज उरली. पाळकसाहेब म्हणाले, "गायला कुणी नाही, तर वाद्यांवर बसवा." माझ्याकडे शाळेतले दोन व्हायोलिनवाले होते आणि तिसरा मी. फुंकायची वाद्यं धुळ्याच्या एका लग्नाच्या बँडकडून आली. दोन क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट, आणि खालच्या सुरांचं एक मोठं पितळी युफोनियम.

"भाऊ, माझी ओळ काढू नकोस हं," अक्का कुजबुजली.

"कशी काढीन?" मी म्हणालो.

आणि काढली. माझे व्हायोलिनवाले कच्चे होते, म्हणून तिघांनाही वरची चाल दिली. क्लॅरिनेट त्यांच्या आधाराला लावल्या, ट्रम्पेट-युफोनियमला खालच्या दोन ओळी दिल्या. अल्टोला कुणी उरलं नाही. मधलं कोण ऐकतं, असं मनाला सांगितलं. अक्काला सांगितलं नाही.

तालमी तिच्याच अंगणात, कडुलिंबाखाली व्हायच्या. बँडवाल्यांना कागद वाचता येत नसे. मी पेटीवर एकेकाची ओळ वेगळी वाजवायचो, ते सरगम म्हणत पाठ करायचे, त्यामुळे सगळं एकत्र असं अक्काच्या कानावर पडलंच नाही. सकाळच्या त्या उन्हात लिंबाचा मोहर पेटीच्या पट्ट्यांवर पडत राही आणि वाटे, सूरच हळूहळू खाली येताहेत. त्या रचनेत मध्यावर सगळे एकदम थांबतात. लांब शांतता, मग शेवटचा भाग. मोठा क्लॅरिनेटवाला, त्याला सगळे नाना म्हणत, तिथे हमखास अस्वस्थ व्हायचा.

"मास्तर, बठ्ठा गप बसनात ते लोके काय म्हनतीन?"

"काही म्हणणार नाहीत. गप्प बसायचं असंच लिहिलंय."

"गप बसानं बी लिखनं शे का?" नाना युफोनियमवाल्याकडे बघून हसला. "वरातमा बाजा थांबना का नवरदेवना मामा उठस!"

एकदा मी पाळकांना भेटून परतलो, तर फाटकापाशीच पेटी ऐकू आली. अक्का आपली ओळ वाजवत होती आणि नाना डोळे मिटून ती क्लॅरिनेटवर घेत होता. दोघांचा वेळ मजेत जातोय असं वाटून मी त्यांना थांबवलं नाही.

गुड फ्रायडेला भर दुपारी कागद उडू नयेत म्हणून चर्चमधले पंखे बंद ठेवले होते. उकाड्यात सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. अक्का दुसऱ्या बाकावर होती. वाजवायला लागलो तशी ती ओठांतल्या ओठांत आपली ओळ म्हणू लागली, आणि थोड्याच वेळात तिचे ओठ हलायचे थांबले. आपली ओळ नाही हे तिला कळलं होतं. मग ती शांतता आली. नानाने थोडा धीर धरला, लोकांकडे पाहिलं, आणि अगदी हळू अक्काची ओळ सुरू केली. थांब म्हणून मी व्हायोलिनचा गज वर केला. पण वरातीत हात वर होतो तो अजून वाजव म्हणून. नाना खुलला. युफोनियमवाल्याने खाली एक लांब षड्ज धरला. ती ओळ उन्हाच्या तिरिपेतून, धुळीच्या कणांतून चालत गेली. अक्काचे ओठ पुन्हा हलत होते. ओळ संपल्यावरच मी गज खाली आणला.

बाहेर पाळकांनी माझा हात धरला. "ती मधली जागा कशी सुचली हो?"

"सुचली," मी म्हणालो.

अक्का शेजारीच होती. नाना पलीकडे सरबत पीत होता.

घरी चालत जाताना पांझरेच्या पुलावर अक्का थांबली. नदीत पाण्याची बारीक रेघ होती.

"माझी ओळ चांगली वाजवली त्याने," ती कुजबुजली. "पण भाऊ, पुढच्या वर्षी सगळ्यांबरोबर ठेव. मी कधी एकटी गायले का रे?"

मी हो म्हणालो. पुढच्या वर्षी मात्र तीच जागा तशीच वाजली, कारण लोक तिच्यासाठीच आले होते. नंतर जळगावला वाजली, नाशकाला वाजली. पुढे नाना वारला, दुसरे क्लॅरिनेटवाले आले. अक्का दरवर्षी दुसऱ्या बाकावर बसायची. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. तिला मातीला नेलं तेव्हाही ती ओळ एकटीच वाजली, आणि लोकांनी माझं सांत्वन करता करता माझं कौतुक केलं.

या वर्षी देवपूरच्या मुलांनी ती रचना पुन्हा मागितली. मी सगळी नव्याने मांडली. अक्काची ओळ दुसऱ्या व्हायोलिनला दिली, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, चौघांच्या मधोमध. काल सगळी रचना पेटीवर वाजवून पाहिली तेव्हा सूर एकमेकांजवळ उभे होते. मध्यावर आलो आणि सवयीने ती जागा भरायला बोटं पुढे सरकली. मी हात मांडीवर ठेवले. बाहेर दुपार होती, पंखा बंद होता. शांतता पूर्ण होऊ दिली, आणि मग चारही ओळी घेऊन शेवटच्या भागाकडे निघालो.