मोझेलकाठची तिसरी हाक

बसा, बसा. चहाला सांगितलंय. एक हाक मारून झाली आहे, म्हणजे अजून वेळ आहे. तोवर मी जर्मनीत काय दिवे लावले ते ऐका. लेकीने पाठवलेले नदीकाठचे फोटो बघून तुम्ही सगळे म्हणालात ना, की नाना, काय मजा केलीत! त्या शेवटच्या फोटोत मी हसतोय असं वाटतं. ते हसू नव्हे हो. दातखीळ सुटल्यावर तोंड तसंच राहिलं होतं.

मी भुताखेताला भितो हे गावात आजवर कुणाला कळलं नाही. कळणार कसं? भर बाराला मी कधी वहाळाच्या पाण्याकडे फिरकलोच नाही. आईने लहानपणी दोन गोष्टी डोक्यात ठोकून बसवल्या होत्या. एक, मासळी घेऊन दुपारचं बाहेर पडायचं तर पिशवीत कोळशाचा तुकडा टाकायचा. वास काढत कोण मागे येईल सांगता येत नाही. दोन, एकट्या वाटेवर मागून हाक आली तर वळायचं नाही आणि 'ओ' द्यायचा नाही. तिसरी हाक आली तरच माणूस समजायचं. कारण 'तो' दोनच हाका मारतो, आणि त्याही आपल्या माणसाच्या आवाजात. एवढी शिदोरी घेऊन मी साठ वर्षं सुखाने जगलो.

तर आमची लेक मेघना जर्मनीत नोकरी करते. तिने आम्हा दोघांना बोलावलं आणि बेत काय आखला, तर मोझेल नावाच्या नदीच्या काठाने सायकलवरून फिरायचं. नदीला लागून फक्त सायकलींसाठी रस्ता. सामान गाडीने पुढच्या गावच्या लॉजवर जातं, आपण बाकावर बसत, डबा खात सावकाश पोचायचं. आमच्या हिला, म्हणजे सुनंदाला, आनंदच झाला. तिचं माहेर कुणकेश्वरचं. ओहोटीच्या वेळच्या ओल्या वाळूवर ती लहानपणी सायकल शिकलेली. मी कुडाळच्या नोकरीत जन्मभर स्कूटर चालवली. भाड्याची सायकल बॅटरीवाली होती म्हणून अब्रू वाचली. तिला उजव्या हाताशी एक बारका आरसाही होता. तो आरसा ध्यानात ठेवा. अगो, चाय!

सुरुवातीचे दिवस झकास गेले. मग एका सकाळी मेघनाला अचानक ऑफिसचं काम निघालं. ती सामानाच्या गाडीतून पुढे जाणार, आणि दुपारी जेवायला पुढच्या गावी तरीच्या, म्हणजे नदीपार नेणाऱ्या होडीच्या, धक्क्यावर भेटायचं, असं ठरलं. नदी डाव्या हाताला ठेवली की चुकणं शक्यच नव्हतं. निघताना तिने मला बाजूला घेतलं.

"बाबा, आयेक सोडून फुडे जाव नकात हां. तिच्याकडे फोन नाय, आणि हयची भाषा तिका येणा नाय."

"सोडून जातंय कशाक? कायतरीच बोलतस," मी म्हणालो.

आता डब्यात काय होतं, तर तळलेले बांगडे. तिथे बांगडे मिळतात, आणि हिने मालवणहून नेलेला मसाला लावून ते असे तळले होते की लॉजवाली दोनदा येऊन खिडक्या उघडून गेली. मी हळूच विचारलं, "कोळसो खंय गावात गो?"

"हय कोळसो खंयचो? पेन्सिल घालतंय," ही म्हणाली. "तीय कोळशाचीच जात. शाळेत शिकवल्यानी नाय तुमका?"

शाळेत शिकवलं होतं खरं. पण ते परीक्षेपुरतं. अख्ख्या मासळीच्या डब्याला एक पेन्सिल पुरते का, हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही. डबा माझ्या सायकलच्या पुढच्या टोपलीत बसला, त्यावर पेन्सिल, आणि आम्ही निघालो. मी पुढे, ही मागे.

पहिल्या तासाभरात पुष्कळ सायकलवाले भेटले. मग गाव संपलं. उजवीकडे द्राक्षांच्या मळ्यांचा उभा डोंगर, डावीकडे नदी, आणि मधल्या अरुंद वाटेवर दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली. माणूस नाही, कुत्रं नाही. नदीचं पाणी इतकं गप्प की वाहतंय की नुसतं बघतंय ते कळेना. आणि पलीकडच्या काठावरच्या चर्चमध्ये घंटा वाजायला लागली. मी मोजायला नको होती. मोजली. बारा वाजले.

माझ्या मानेवर काटा आला. ऊन रणरणत होतं आणि मला थंडी वाजत होती. टोपलीतून बांगड्यांचा वास असा सुटला होता की मीच वाकून वाकून हुंगला असता. म्हटलं, जर्मनीतल्या भुतांना मालवणी मसाल्याचं काय पडलंय? मग वाटलं, त्यांना नसेल पडलं, पण मसाल्याबरोबर गावाहून कोणी आलं असेल तर?

आणि तेवढ्यात मागून, लांबून, हाक आली.

"अहोऽऽ!"

आवाज हिचाच. शंकाच नको. तुम्ही कोणीही वळला असता. मीही वळत होतो, पण मान अर्ध्यावर आली आणि आई आठवली. आपल्या माणसाच्या आवाजात. मी मान सरळ केली आणि दुसऱ्या हाकेची वाट बघू लागलो. आता आमच्या हिची सवय तुम्हाला माहीत आहे. ती एकदाच हाक मारते. ऐकलं तर ऐकलं. दुसरी हाक काही येईना. म्हणजे नक्की तोच, असं मी ठरवलं आणि पायडल जोरात मारलं.

बरंच पुढे गेलो. वळायचं नाही, पण आरशात बघायचं नाही असं आईने कुठे सांगितलं होतं? मी बघितलं.

देवाशप्पथ सांगतो, आरशात पाय होते.

नुसते पाय. जमिनीपासून हातभर वर, हवेत, तळवे माझ्याकडे करून गरागरा फिरत येत होते. त्यांच्या मागे डोकं नाही, धड नाही, वर फक्त एक लाल चिंधी फडफडत होती. आपल्याकडे उलट्या पायांचं ऐकलंय मी. पण माणसाच्या आधी पाय येतात हे कधी ऐकलं नव्हतं. आवाज म्हणाल तर काही नाही. आणि त्या पायांमधून, जाड पुरुषी आवाजात, हाक आली.

"आहो!"

आता मला सांगा. परक्या मुलखात, जिथे मला चिटपाखरू ओळखत नाही, तिथे 'अहो' म्हणून मला कोण हाक मारणार? या जगात ती हाक एकच बाई मारते. आणि ती बाई मागे होती. ती मागे आहे, तिच्या आणि माझ्या मध्ये ते पाय आहेत, हे सगळं मला पक्कं ठाऊक होतं. तरीही मी थांबलो नाही. हसता काय? मलाही आता हसू येतं. पण तेव्हा माझे पाय माझं ऐकतच नव्हते.

मग सुचलं. त्याला बांगडे हवेत. एका हाताने टोपलीतला डबा काढला आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, जो कोण तू आसशील, जर्मनीचो आसशील नायतर मालवणचो आसशील, ह्यो तुजो मान तुका दितंय. तो घे आणि आमका वाट सोड, म्हाराजा!" 'व्हय म्हाराजा' म्हणायला सोबत कोणी नव्हतं, तेही मीच म्हटलं. आणि पेन्सिलीसकट डबा मागे गवतात भिरकावला.

आरशातले पाय थांबले. पावलास रे बाबा, म्हटलं.

आपल्याकडची रीत अशी की मान मिळाला की तो माघारी फिरतो. पण जरा वेळाने आरशात बघतो तर पाय पुन्हा आले. आता दुप्पट वेगाने. आणि त्या पायांवर, पोटाच्या जागी, माझा डबा ठेवलेला होता. डबा परत द्यायला येणारं भूत मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. मी सायकलची बॅटरी शेवटच्या आकड्यावर टाकली आणि डोळे जवळजवळ मिटूनच गाव गाठलं.

तरीच्या धक्क्यावर मेघना उभी होती. मला बघून हसली, मग माझ्या मागे बघितलं, आणि तिचं हसू गेलं.

"बाबा, आय खंय?"

तीन शब्द. पण अजूनही रात्री आठवले की मी उठून बसतो. मी नुसतं मागे बोट दाखवलं. आणि बोट दाखवलं त्याच वाटेने ते पाय आले.

पायांच्या मागून माणूस आला. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, जमिनीलगत आरामखुर्चीत पडल्यासारखा, आणि पायडलं पुढे. अशा आडव्या सायकली असतात म्हणे तिकडे. बुटक्या असल्याने दिसत नाहीत म्हणून वर काठीला लाल झेंडा लावतात. बिचारा घामाघूम झाला होता. त्याने अदबीने डबा माझ्या हातात दिला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "आहो?"

ही तिसरी हाक. माझ्या तोंडून आपसूक 'ओ' गेला.

मग तो मेघनाशी भडाभडा बोलला. हिची कमरेला बांधलेली ओढणी मागच्या चाकाच्या चेनमध्ये अडकली होती. ती सायकलला जखडली होती. या आजोबांनी चाकू काढला, पण ही ओढणी कापू देईना. तेव्हा त्यांनी खुणेने पुढे गेलेल्या माणसाचं नाव विचारलं. आता नवऱ्याचं नाव ही जन्मात घेत नाही, जर्मनीत कशाला घेईल? माझ्या दिशेला बोट दाखवून ही म्हणाली, "अहो!" आजोबांना वाटलं, हेच नाव. आणि सभ्य माणूस तो, एकदा हाक मारून थांबत होता.

आम्ही टॅक्सीने वरच्या मोठ्या रस्त्यावरून मागे गेलो आणि चालत काठावर उतरलो. ही गवतात सायकलला बांधलेली, राजहंसांकडे बघत शांत बसली होती. मेघना चेन सोडवायला वाकली. मी उभा.

"माजी हाक तुमी आयकलास?" हिने विचारलं.

"आयकलंय."

"मगे?"

"दुसरे हाकेची वाट बघी होतंय."

मेघनाने ओढणी हळूहळू सोडवली, भोक न पडता. मग ही उठली, सलवार झाडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भूत समाजलास, ताय ठीक. पण खराच भुतान माका धरल्यान असता तर?"

याला उत्तर आहे का तुमच्यापैकी कुणाकडे?

मग त्याच काठावर बसून आम्ही बांगडे खाल्ले. आजोबाही आले होते मागोमाग. त्यांना हिने आग्रह करून दोन वाढले, तिखटाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी हात थांबला नाही. मला शेपटीकडचा तुकडा मिळाला. तेव्हाच मेघनाने तो फोटो काढला.

घरी परतल्यावर ही त्या गोष्टीवर चकार शब्द बोललेली नाही. रागावलीही नाही. फक्त एक नियम केलाय. मी हाक मारली की ती वळत नाही, 'ओ' देत नाही. पहिल्या हाकेला नाही, दुसऱ्याही नाही. म्हणते, खात्री होवंदे, माणूस आसा की कोण तां.

म्हणून चहाला उशीर होतोय. दुसरी हाक मघाशी आरशाच्या गोष्टीत मारली, तुमच्या लक्षात आलं नसेल. थांबा, आता तिसरी मारतो.