मार्थाच्या खिडकीवर लक्ष

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. समता कॉलनीतल्या आमच्या घरी बायका येतात, विचारतात, "दीदी, स्वित्झर्लंड कसं होतं?" मी बर्फाचं सांगते, गाईंच्या घंटांचं सांगते — आणि उठून चहा ठेवते.

माझा मुलगा तिथं एका लहानशा गावात राहतो. साठ-सत्तर घरं, एक चर्च, एक दूधडेअरी. एक हिवाळा मी त्याच्याकडे होते. समोर मार्था राहायची, ऐंशी ओलांडलेली, एकटी. गावाची रीतच होती — एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या खिडकीवर शेजाऱ्यानं लक्ष ठेवायचं. सकाळी आठपर्यंत खिडकीच्या लाकडी फळ्या उघडल्या नाहीत, तर जाऊन बघायचं. मार्थाची खिडकी माझ्याकडे आली. तिची भाषा मला येत नव्हती. पण बघायला भाषा कशाला? ती फळ्या उघडून हात हलवायची, मीही हलवायचे. मुलगा कामावर गेला की दिवसभरात माझ्याशी एवढंच कुणी बोलायचं.

एका रविवारी मी अंगणात साड्या वाळत घातल्या. रविवारी तिथं ते चालत नाही. मार्था आली, काहीतरी बोलली, आणि तिनं साड्या काढून, नीट घड्या करून टोपलीत ठेवल्या. खरं तर मला वाचवलंच होतं, गावाच्या बोलण्यातून. मला मात्र अपमान वाटला. रडले मी.

सोमवारी आठ वाजले. खिडकी बंद. मी पाहिलं — हो, चांगलं पाहिलं. मनात म्हटलं, रुसली असन तर रुसू दे, मले काय? नऊ वाजले. दहा. रस्ता तरी केवढा? वीस पावलं.

साडेदहाला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मार्था स्वयंपाकघरात जमिनीवर, तोंड एका बाजूला वाकलेलं, डोळे उघडे. ती माझ्याकडे बघत होती. आणि मुलाला फोन करायच्या आधी मी काय केलं? — खिडकीच्या फळ्या उघडल्या. तिच्या डोळ्यांदेखत.

डॉक्टर आले. मुलगा त्याच्या सवयीच्या हिंदीत म्हणाला, "मम्मी, पूछ रहे हैं, आख़िरी बार ठीक कब देखा था?"

"दहा वाजता. हात हलवला तिनं."

त्यानं जर्मनमध्ये सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. पुन्हा कुणी विचारलं नाही. त्या गावात माणसाच्या शब्दावर संशय घेत नाहीत.

रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध ठरावीक तासांच्या आतच द्यायचं असतं, उशीर झाला तर ते घात करतं — हे मला नंतर कळलं. पण मी खोटं बोलले, हे तर तेव्हाच ठाऊक होतं ना? दवाखान्याच्या बाकावर मी तासभर मुलाशेजारी बसले होते. सांगता आलं असतं. औषध दिलं. डोक्यात रक्तस्राव झाला. तिसऱ्या दिवशी मार्था गेली.

चर्चमध्ये सगळं गाव आलं होतं. तिच्या मुलीनं मला मिठी मारली. मुलगा हळूच म्हणाला, "कह रही हैं, आपने उनकी माँ को अकेला नहीं छोड़ा."

मी मान हलवली.

गावातले लोक अजून माझी आठवण काढतात, असं तो फोनवर सांगतो. मी "हव बेटा" म्हणते. ते खोटं मी त्याच्या तोंडून वदवलं, आणि त्याला ते ठाऊक नाही.