मान मोडलेला धूर

फेलिसाला धाकट्या जावेचं सगळंच खुपायचं. तिची लांब वेणी खुपायची, नवी हॅट खुपायची. पण सगळ्यात जास्त खुपायचं ते गावाने तिच्या दारात जाऊन विचारणं, "निकासिया, आज पसरू का गं बटाटे?"

जून लागला, थंडी पडली की आमच्या डोंगरावरच्या माळावर दुसरं बोलणंच नसतं. कडू बटाटा तसाच खाल्लात तर पोट धरून बसाल. तो गवतावर पसरायचा, तीन रात्री हिवात दगडासारखा गोठू द्यायचा, मग अनवाणी पायांनी तुडवून त्याचं कडू पाणी काढायचं आणि वाळवायचा. झाला चुन्यो, वर्षभराची बेगमी. पण हिव नीट पडलं नाही तर बटाटा धड गोठतही नाही आणि टिकतही नाही, काळा पडून सडतो. म्हणून पसरायची रात्र निवडायला जाणतं माणूस लागतं.

पूर्वी हे काम सासूबाईंचं. संध्याकाळी लामांच्या, म्हणजे आमच्या लोकरीच्या जनावरांच्या, लेंड्या पेटवून त्या धूर बघत बसायच्या. गार हवा जड, ती जमिनीला धरून बसते आणि ऊब तिच्या वर राहते. ही बैठक मोडली नाही तरच कडक हिव पडतं. धूर सरळ वर गेला तर चिंता नाही. पण कधीकधी तो टेकडीच्या खांद्यापर्यंत सरळ जातो आणि तिथून एकदम आडवा पळतो. आम्ही म्हणतो, धुराची मान मोडली. खाली पान हलत नाही, वर मात्र वारा धावत असतो. दोन्ही हवा एकमेकींना घासतात, भोवरे उठतात, आणि पळीने भांडं ढवळावं तशी वरची ऊब रात्रीतून खाली येते. मग कसलं आलंय हिव!

सासूबाईंनी हे दोघी सुनांना शिकवलं होतं. हो, दोघींना! पण जाताना गावादेखत म्हणाल्या काय, तर "आता निकासियाला विचारत जा." बावीस वर्षं त्या घरात राबली फेलिसा, म्हातारीचं अंथरुणातलं सगळं केलं तिनं, आणि नाव झालं काल आलेल्या पोरीचं. अशानं कुणाच्याही अंगाचा तिळपापड होईल.

त्या संध्याकाळी फेलिसाची नऊच्या नऊ पोती माळावर येऊन पडली होती. आभाळ स्वच्छ, गालाला वारा लागत नव्हता. तिनं आपली लेंड्यांची शेकोटी पेटवली. धूर सरळ चढला, टेकडीच्या खांद्याशी पोचला आणि तिथं त्याची मान मोडली. फेलिसानं ते पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मुकाट्यानं ती पोत्यांची तोंडं पुन्हा बांधायला लागली.

तेवढ्यात निकासिया आलीच.

"बाई, आज नका पसरू हं. मान मोडलीये. अगदी पसरायचेच असतील तर खालच्या खळग्यात चला. तिथली गार हवा हलत नाही. माझ्याशेजारी ठेवलीये जागा तुमच्यासाठी."

तिच्यामागून शेजारचे सेनोनकाका गालातला कोकाचा पाला चघळत येत होते. म्हणाले, "ऐक गं फेलिसा तिचं. निकासिया म्हणाली म्हणजे संपलं! आमच्या कुणाला कळतंय त्यातलं?"

फेलिसाच्या हातातली दोरी सुटली.

"तुझा खळगा तुलाच लखलाभ! मलाही डोळे आहेत," ती म्हणाली, आणि पहिलं पोतं तिथंच उलटं केलं.

नऊही पोती पसरली तिनं. पडलंच हिव, चुकून पडलंच, तर उद्या सकाळी अख्खा गाव माझ्या दारात येईल, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

निजानीज झाली तेव्हा छपराचा पत्रा एकदा वाजला. मग वाजतच राहिला.

उजाडायच्या आत ती माळावर गेली. दोन बटाटे उचलून एकमेकांवर आपटले. गोठलेला बटाटा टणटण वाजतो. हे अर्धवट गोठून मऊ पडलेले, नुसते थप् झाले. अंगठा दाबला तर आत गेला. नऊ पोत्यांची हीच गत. तेवढ्यात खालच्या खळग्यातून आवाज आला, टण, टण, टण, आणि वर बायकांचं हसणं. असा जळफळाट झाला तिचा! आपले गेले याचं दुःख होतंच, पण तिचे वाजतात याचं त्याहून मोठं.

निकासिया चढ चढून वर आली. एक बटाटा उचलून तिनं दाबून पाहिला आणि हळूच खाली ठेवला. 'सांगितलं नव्हतं का मी' असं म्हणाली असती तर फेलिसा तिच्या झिंज्या धरायला मोकळी झाली असती. पण ती तसं म्हणाली नाही.

"बाई, धूर दिसला नव्हता का तुम्हाला?"

नाही म्हटलं तर फेलिसा आंधळी ठरणार होती, आणि हो म्हटलं तर खुळी. तिनं हातातले दोन्ही बटाटे खाली टाकले.

"दिसला होता. तुझ्याआधी दिसला होता मला."

"मग पसरलेत कशाला?"

"तू नको म्हणालीस म्हणून."