आमचा गोलकीपर आणि आम्ही दहा शहाणे

फुटबॉल सोडून आता बरीच वर्षं झाली. गुडघे गेले, पोट आलं, आणि किस्से तेवढे उरले. टपरीवर जुने चार भिडू जमले की एकानं एक काढायचा, त्यावर दुसऱ्यानं दुसरा. अडचण एवढीच, की बहुतेक किश्शांत गाढव मीच असतो!

टीम आमची गोंदियाची. अकरांपैकी खेळता येणारे सात. मी त्या सातांत नव्हतो, पण बॉलमध्ये हवा भरायचा पंप माझा होता, म्हणून कॅप्टन मी! खरा खेळाडू एकच, गोलकीपर खेमराज. सालेकशाकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, सहा फूट उंच. आम्ही दहा जण दिवसभर चुका करायचो आणि तो एकटा त्या अडवायचा.

*

एकदा डोंगरगडहून मॅच जिंकून पॅसेंजरनं परतत होतो. माझ्या मेहुणीसाठी खेमराजला विचारावं, असं बायकोनं सांगून ठेवलं होतं.

"काय बे, माझी साळी कशी वाटते तुले?"

त्यानं डब्यात इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, मी गे आहो."

गाडी पुलावर होती. नुसता खडखडाट. मला ऐकू आलं, 'मी गेलो आहो.'

"कुठी गेला? इथंच तं बसून आहे!"

त्यानं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा "आं?" केलं. चौथ्यांदा तो वैतागून ओरडला, आणि नेमकी तेव्हाच गाडी थांबली! अख्ख्या डब्यानं ऐकलं. डब्यात अख्खी टीम होती.

ज्या एका वाक्यासाठी त्यानं वर्षानुवर्षं धीर गोळा केला होता, ते माझ्या बहिरेपणानं डबाभर करून टाकलं. गोंदिया येईपर्यंत खेमराज मान खाली घालून हातमोज्याची शिवण उसवत बसला होता.

*

दुसऱ्या दिवसापासून मी सुधारलो. म्हणजे बिघडलो.

आमची चेंजिंग रूम म्हणजे मैदानाच्या कडेला उभे केलेले दोन टिनाचे पत्रे. तिथं इतकी वर्षं बिनधास्त कपडे बदलणारा मी एकदम टॉवेल गुंडाळून, दातांत टोक धरून, पत्र्याकडे तोंड करून हाफ पँट चढवायला लागलो. दोनदा त्या टॉवेलात पाय अडकून पडलो.

तिसऱ्या दिवशी खेमराजनं मला हात देऊन उठवलं.

"भाऊ, आठ वर्षांपासून पाहून राहिलो. तिथं पाहण्यासारखं काही नाही. आरामात बदल!"

*

टीममधले तिघं मात्र अडून बसले. हा असेल तर आम्ही खेळणार नाही! निर्णय घ्यायची वेळ आली की कॅप्टन म्हणून मी एकच काम करायचो: कोचकडे पळायचो. कोच कटरे सर, रिटायर्ड पीटी शिक्षक. डोंगरगडला आले नव्हते. बिरसी या त्यांच्या गावी धानाच्या बांधीत, चिखलात उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. फार दबक्या आवाजात.

सर म्हणाले, "हात मोडला का त्याचा?"

"नाही सर."

"हवेतला बॉल पकडते?"

"पकडते."

"मंग त्याले काऊन काढू? तू आजपर्यंत एक बॉल नाही अडवला, तुले काढलं का कव्हा?"

सरांचा निरोप ऐकून त्या तिघांनी माझ्याकडे पाहिलं, खेमराजकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं बूट बांधले.

*

बातमी मात्र टीमच्या पुढे पळाली. बालाघाटच्या टुर्नामेंटला गोलपोस्टमागची पोरं सुरू झाली, "छक्का! छक्का!" खेमराज पांढरा पडला, पण जागचा हलला नाही.

माझं डोकं फिरलं. फिरलं ते त्या पोरांवर, असं त्या वेळी वाटलं. खरं म्हणजे प्रॅक्टिसला उशिरा येणाऱ्याला, पास चुकवणाऱ्याला हाच शब्द मी वर्षानुवर्षं वापरत आलो होतो. खेमराजच्या देखत! त्यानं एकदाही काही म्हटलं नव्हतं.

मी मॅच सोडून त्या पोरांना शिव्या देत धावलो. धावता धावता कुठूनसा बॉल पायात आला. हाणला जोरात. सरळ आपल्याच जाळ्यात!

खेमराज जाळ्यातून बॉल काढून माझ्याजवळ आला. "भाऊ, त्यायच्या शिव्या मी अडवतो. तू फक्त तुया पाय अडव!"

हरलो. पण तो शब्द त्यानंतर कधी माझ्या तोंडी आला नाही.

*

पुढे खेमराजला कोलकात्याच्या एका क्लबनं घेतलं. पगारी खेळाडू! स्टेशनावर आम्ही बँड लावला.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. आवाज बसलेला. "भाऊ, तिथं अकरा जणायले माहीत होतं. इथं एकालेही नाही. सगळे गर्लफ्रेंड विचारून राहिले. तुया नंबर मी मोबाइलमध्ये 'सुरेखा' म्हणून टाकला."

माझं नाव सुरेश.

"टाक," म्हटलं. "त्यात काय?"

त्यात काय, ते आठ दिवसांनी कळलं. मी कामाला होतो त्या राइस मिलमध्ये वजनकाट्यापाशी उभा, समोर हमाल पोती लावताहेत, आणि फोनवर अनोळखी आवाज, "भाभीजी, नमस्ते!" कोणीतरी त्याचा मोबाइल हिसकावला होता. मागे खेमराजचा "अरे छोड, छोड" असा आवाज. रडवेला.

मी आवाज बारीक केला. "जी, नमस्ते. आप लोग इनका खयाल रखते हो ना?"

समोरचा हमाल पोतं खांद्यावर तसंच घेऊन थांबला.

दोन सीझन मी सुरेखा होतो! करवा चौथबद्दल विचारलं, तेव्हा उपाससुद्धा सांगितला.

मग एका दुपारी फोन आला. खेमराजच्या क्लबचा कॅप्टन. मी सवयीनं बारीक आवाजात "जी?" म्हटलं.

"सुरेश भाई," तो म्हणाला, "खेमराज ने आज हम सबको सच बता दिया."

मी काट्यावरच बसलो. "तो... आप लोगोंने उसको क्या बोला?"

"बोलेंगे क्या? कल मॅच है, वो पोस्ट में खडा रहेगा. लेकिन भाई, पूरी टीम यहाँ फोन के पास बैठी है. एक बार वो सुरेखावाली आवाज सुना दो!"

हमालांनी पोती खाली ठेवली होती. मिलचा मालक दारात येऊन उभा होता.

मी घसा खाकरला.

"जी, नमस्ते!"